दुसऱ्या कागदावरचे ‘पॉझिटिव्ह’

गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या आरोग्य तपासणीच्या दिवशी एक मुलगा वडिलांची फाइल घेऊन आमच्यासमोर बसला. वडील शेजारीच होते, पण बोलत नव्हते. वय ६१. कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेसमध्ये त्यांची बावीस वर्षे गेली, आणि बिडी तर त्याच्याही आधीपासूनची. लघवीतून रक्त आले म्हणून तपासणी झाली, लघवीच्या पिशवीत गाठ निघाली आणि तीन आठवड्यांपूर्वी दुर्बिणीतून ती खरवडून काढली होती. मुलाने आम्हाला एकच प्रश्न विचारला, “सिस्टर, बाबांचं एन्झाइम पॉझिटिव्ह आलंय. आता किती दिवस?”

फाइलमध्ये दोन कागद होते. पहिला गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट. दुसरा एका खाजगी लॅबचा, गुळगुळीत कागदावर रंगीत छापलेला. त्यावर ‘कॉक्स-२ : पॉझिटिव्ह’ आणि ‘एमएमपी-९ : स्ट्राँग’ असे ठळक लिहिले होते. मुलाने ते शब्द मोबाइलवर शोधले आणि त्याला उत्तर मिळाले की अशा रुग्णांचे भवितव्य वाईट. घरात बैठक झाली. पुढचे औषध घेऊन उपयोग काय, बाबांना गावी नेऊन ठेवू, असे ठरत आले होते.

आम्ही दोन्ही कागद वाचले. दुसऱ्या कागदाने घर हादरले होते, पण खरी काळजीची ओळ पहिल्या कागदावर होती आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते. तिथे लिहिले होते: हाय ग्रेड, टी-१, तुकड्यात स्नायू आढळला नाही.

आता हे सगळे नीट समजून घेऊ.

मूत्रपिंडातून लघवी नळ्यांवाटे खाली येते, पिशवीत साठते आणि मूत्रमार्गाने बाहेर पडते. या वाटेला बहुतेक ठिकाणी आतून एकाच प्रकारच्या पेशींचे अस्तर असते. मूत्रमार्गाचा कर्करोग बहुतेक वेळा याच अस्तरात सुरू होतो, आणि तोही बहुधा पिशवीत. कारण साधे आहे. नळ्यांतून लघवी वाहून जाते, पिशवीत ती तासन् तास थांबते. तिच्यात जे विष उतरले असेल ते तेवढा वेळ अस्तराला भिजवत राहते.

हे विष येते कुठून? १८९५ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकाने सांगितले की कृत्रिम रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना पिशवीच्या गाठी होत आहेत. पुढे त्यामागची रसायने सापडली. बीटा-नॅफ्थिलअमाइन, बेंझिडीन अशी त्यांची नावे. त्यांच्या कुळाला अॅरोमॅटिक अमाइन म्हणतात. तंबाखूच्या धुरातही याच कुळातली रसायने असतात. जगभरात पिशवीच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान आहे. जवळपास निम्म्या रुग्णांच्या आजाराचे मूळ तिथे जाते. काकांच्या बाबतीत रंग आणि धूर, दोन्ही एकाच पिशवीत उतरले होते.

विकरे, म्हणजेच एन्झाइम, या गोष्टीत पहिल्यांदा येतात ती इथे. विकर म्हणजे पेशीतले कामकरी प्रथिन. एकेका विकराचे एकेक काम ठरलेले असते: कुणी तोडते, कुणी जोडते, कुणी रूप बदलते. आपल्या यकृतात नॅट-२ नावाचे एक विकर आहे. ते या अमाइन रसायनांना एक तुकडा जोडते आणि त्यातल्या बऱ्याच जणांची धार बोथट करते. काही माणसांत हे विकर जन्मतःच मंद असते. १९८२ साली इंग्लंडमध्ये रंगकामाचा इतिहास असलेल्या पिशवीच्या कर्करोगाच्या २३ रुग्णांची तपासणी झाली, त्यातले २२ जण मंद विकराचे निघाले. मात्र पुढे चीनमध्ये नुसत्या बेंझिडीनशी संबंध आलेल्या कामगारांत असे चित्र दिसले नाही. म्हणजे विकर तेच असले तरी समोर रसायन कोणते आहे यावर त्याचा अर्थ बदलतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

नॅट-२ सांगते ते आजार होण्याच्या धोक्याबद्दल. आजार झाल्यावर तो पुढे कसा वागेल, हा वेगळा प्रश्न आहे. आणि कोणते औषध लागू पडेल, हा तिसरा. या तिन्ही प्रश्नांच्या खुणांना लॅबच्या भाषेत सरसकट ‘मार्कर’च म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. काकांच्या दुसऱ्या कागदावरच्या खुणा मधल्या प्रश्नाच्या होत्या.

त्या तपासतात कशा? काढलेली गाठ मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. त्यातून केसापेक्षाही कितीतरी पातळ काप घेऊन काचेवर चिकटवतात. मग त्या विशिष्ट विकरालाच जाऊन चिकटणारे प्रतिपिंड त्यावर सोडतात आणि रंग देतात. जिथे विकर आहे तिथे तपकिरी रंग धरतो. तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकातून पाहतात की किती पेशी रंगल्या आणि रंग फिका की गडद. त्यावरून गुण ठरतो आणि एका रेषेच्या वर गेला की ‘पॉझिटिव्ह’ लिहिले जाते. ही रेषा कुठे ओढायची? एका अभ्यासात दहा टक्के पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह, दुसऱ्यात पन्नास टक्क्यांच्या खाली निगेटिव्ह. तुकडा तोच, पण प्रयोगशाळा बदलली की उत्तर बदलू शकते. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द आपण एचआयव्ही आणि कोविडच्या काळात शिकलो. तिथे त्याचा अर्थ शरीरात विषाणू सापडला असा होता. इथे त्याचा अर्थ एवढाच की तुकड्यातल्या पेशींत ते विकर ठरावीक प्रमाणाहून जास्त दिसले.

एमएमपी-९ हे तोडणारे विकर आहे. अस्तराच्या खाली एक पातळ पडदा असतो, घराच्या भिंतीला गिलावा असावा तसा. एमएमपी कुळातली विकरे असा पडदा कुरतडतात. जखम भरताना शरीराला त्यांची गरज असते. कर्करोगाच्या पेशी तेच हत्यार वापरून खाली शिरतात. त्यामुळे खोल गेलेल्या गाठींत ही विकरे जास्त सापडतात, यात नवल नाही. पण खोली मोजण्याचा सरळ मार्ग उपलब्ध असताना भिंत फोडणाऱ्याच्या हातात पहार आहे का हे पाहून अंदाज का करायचा? आधी भिंत बघू. पहिल्या कागदावरची ओळ नेमकी त्या भिंतीबद्दल होती.

कॉक्स-२ ची कहाणी अधिक शिकवणारी आहे. हे सूज आणि वेदनेशी संबंधित विकर. आपण नेहमी घेतो त्या अनेक वेदनाशामक गोळ्या कॉक्स कुळालाच अडवतात. पिशवीच्या गाठींत कॉक्स-२ वाढलेले दिसले, तेव्हा शास्त्रज्ञांना वाटले की ते अडवले तर गाठ परत येणार नाही. विचार चुकीचा नव्हता. ब्रिटनमध्ये बॉक्सिट नावाची चाचणी झाली. चारशेंहून अधिक रुग्णांत काहींना नेहमीच्या उपचारासोबत सेलेकॉक्सिब हे कॉक्स-२ अडवणारे औषध दिले, काहींना नुसती दिसायला तशीच गोळी. २०१९ मध्ये निकाल छापून आला. गाठ परत येण्यात ठोस फरक पडला नाही, उलट औषध घेणाऱ्यांत हृदयाचे गंभीर त्रास जास्त दिसले. म्हणजे खूण दिसली म्हणून ती पुसल्याने आजार मागे हटेलच असे नाही. कोणी ‘तुमचे कॉक्स वाढलेय’ म्हणून महिनोन् महिने वेदनाशामक गोळ्या घ्यायला सांगत असेल, तर घेऊ नका. मूत्रपिंडालाही त्या जड जातात.

सगळ्या खुणा निरुपयोगी आहेत असे मात्र आम्ही म्हणत नाही. एफजीएफआर-३ नावाचे पेशीच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन आहे, त्याचा आतला भाग विकराचे काम करतो. त्यातला बदल कमी आक्रमक, वरवरच्या गाठींत जास्त आढळतो. म्हणजे तिथे ‘सापडले’ ही पुष्कळदा बरी बातमी असते. आणि आजार पसरलेला असताना असा बदल सापडला, तर त्यावर नेमके काम करणारे एरडाफिटिनिब हे औषध आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते महाग आहे, पण या तपासणीचे उत्तर उपचार बदलू शकते. काकांच्या दुसऱ्या कागदाने काय बदलणार होते? काही नाही. आम्ही त्यांच्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनीही मान हलवली. ती तपासणी त्यांनी सांगितलीच नव्हती. तुकडा लॅबमध्ये पोहोचवायला गेलेल्या नातेवाइकाला काउंटरवर ‘संपूर्ण पॅकेज घ्या’ असे सांगण्यात आले होते आणि घाबरलेल्या माणसाने घेतले. मुलाचा जवळपास महिन्याचा पगार त्यात गेला.

‘भवितव्य वाईट’ हे शब्दही नीट वाचायला हवेत. समजा शंभर रुग्णांत विकर जास्त आहे आणि शंभरांत कमी. पहिल्या गटात गाठ परत येणारे जास्त निघाले, एवढेच संशोधन सांगते. पहिल्या गटातले अनेक जण ठणठणीत राहतात, दुसऱ्या गटातल्या काहींना गाठ परत येते. आपल्यासमोर बसलेले काका कुठल्या बाजूचे, हे तो कागद सांगू शकत नाही. शिवाय असे बरेच अभ्यास थोड्या रुग्णांवर झालेले असतात. एकात फरक दिसतो, दुसऱ्यात पुसला जातो. ज्यात फरक दिसतो तो छापून येतो, बाकीचे फायलीत राहतात. ही अडचण इतकी वाढली की २००५ मध्ये तज्ज्ञांना अशा खुणांचे अभ्यास कसे लिहावेत याची नियमावलीच काढावी लागली. आपल्या लोकांनी कुंडली कधीच नाकारली. मग लॅबच्या कागदाची कुंडली कशाला करायची?

मग डॉक्टर भाकीत करतात ते कशावर? २००६ मध्ये युरोपातल्या कर्करोग संशोधन संघटनेने अडीच हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवरून एक तक्ता तयार केला. स्नायूपर्यंत न गेलेल्या गाठींसाठी तो जगभर वापरला गेला. त्यात सहा गोष्टी आहेत: गाठी किती, सर्वांत मोठी तीन सेंटिमीटरच्या वर की खाली, आधी किती वेळा परत आल्या, अस्तरापुरती आहे की खालच्या थरात गेली, सपाट पसरणारा प्रकार सोबत आहे का, आणि पेशींची प्रत म्हणजे ग्रेड कोणती. सहात एकही विकर नाही. २०२१ मध्ये युरोपातल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवी विभागणी केली, तिच्यात वयाचा विचार आला, विकराचा तेव्हाही नाही. या सहा गोष्टींपैकी बहुतेक साध्या रिपोर्टवर आणि डॉक्टरांच्या ऑपरेशन नोटमध्ये असतात. वेगळे पैसे लागत नाहीत.

आता काकांच्या ओळीकडे येऊ. टी-१ म्हणजे गाठ अस्तराखालच्या थरात गेली, पण स्नायूत गेलेली दिसली नाही. मात्र खरवडलेल्या तुकड्यात स्नायूच आला नसेल, तर ‘स्नायूत गेली नाही’ हे म्हणायचे कशावरून? विहिरीत दोर तळापर्यंत पोहोचलाच नाही आणि आपण म्हणतो पाणी इतकेच खोल. हा फरक छोटा नाही. आजार स्नायूत नसेल तर पिशवी वाचते आणि तिच्यात औषध सोडतात. स्नायूत असेल तर पिशवी काढणे किंवा किरणोपचार आणि केमोथेरपी, असा मोठा निर्णय असतो. म्हणून हाय ग्रेड टी-१ असेल, किंवा तुकड्यात स्नायू नसेल, तर साधारण दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा एकदा दुर्बिणीतून त्याच जागेचा तुकडा घ्यायचा असतो. काकांचे तीन आठवडे झाले होते. गावी जाण्याची तयारी सुरू होती.

आम्ही त्यांना त्याच आठवड्यात परत पाठवले. डॉक्टरांनी सांगितले की दुसऱ्यांदा यायला त्यांनी आधीच सांगितले होते. मुलगा म्हणाला, सांगितले असेल, पण त्या दिवशी कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर पुढचे काहीच कानात शिरले नाही. दोघेही खरे बोलत होते असे आम्हाला वाटते. वॉर्डात आम्हीही असेच भराभर सांगून पुढच्या खाटेकडे गेलो आहोत.

दुसऱ्या वेळी स्नायू आला आणि तो स्वच्छ निघाला. मग सुरू झाली बीसीजी. ही लस बाळाला टीबीसाठी देतात तीच, म्हणून घरात पुन्हा भीती: बाबांना टीबी देताय का? १९७६ मध्ये कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी ही लस पिशवीत सोडून पाहिली, गाठी परत येणे कमी झाले, आणि आजही हाय ग्रेड वरवरच्या गाठींसाठी तिच्याइतके भरवशाचे दुसरे औषध सहज हाताशी नाही. या उपचारासाठीची बीसीजी आपल्या पुण्यातही बनते. नळीने पिशवीत सोडतात, दोन तास लघवी धरून ठेवायची, आठवड्यातून एकदा, असे सहा वेळा. त्यानंतर पुढे वर्ष ते तीन वर्षे अधूनमधून.

त्यात एक गोष्ट दवाखान्यात नेहमी सांगितली जाते, पण वस्तीचा विचार करून सांगितली जात नाही. औषधानंतर सहा तास बसून लघवी करायची आणि दर वेळी संडासात हायपो, म्हणजे ब्लीचचे द्रावण, ओतून पंधरा-वीस मिनिटे तसेच ठेवायचे, मगच पाणी टाकायचे. कारण लघवीतून जिवंत जंतू बाहेर येतात. सार्वजनिक संडासाबाहेर बादल्या घेऊन रांग लागलेली असताना वीस मिनिटे कोण थांबू देणार? काकांसाठी आम्ही दुपारची वेळ धरली आणि झाकणाच्या बादलीत हायपो घालून दिला. लघवी बादलीत, वीस मिनिटांनी संडासात. तुमच्याकडे अशी वेळ आली तर औषध देणाऱ्या सिस्टरना घरची अडचण उघड सांगा, लाजू नका. औषधानंतर एखादा दिवस जळजळ आणि कणकण चालते. जास्त ताप टिकून राहिला किंवा थंडी वाजून आली, तर मात्र घरी थांबायचे नाही.

आता बायाबापड्यांसाठी थोडे. हा आजार पुरुषांत बायकांच्या तीन-चार पट आढळतो, पण बायकांचे निदान उशिरा होते, आणि त्याला आपली भाषाही थोडी कारणीभूत आहे. लघवी करताना आग झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणायचे आणि धण्या-जिऱ्याचे पाणी प्यायचे. परकराला रक्ताचा डाग दिसला की ‘पिशवी’ची तक्रार. आपल्याकडे पिशवी म्हटले की गर्भाशयच डोळ्यांपुढे येते. आमच्याकडे आलेल्या एक मावशी पाळी गेल्यावर आठ महिने याच समजुतीत होत्या, आणि दवाखान्यातून लघवीच्या जंतुसंसर्गाच्या गोळ्यांवर गोळ्या. कापसाचा बोळा कुठे ठेवून रक्त कुठून येते हे पाहायला कुणाला सुचले नाही. पहिल्या कोर्सनंतरही रक्त दिसले, किंवा न दुखता एकदाच येऊन आपोआप थांबले, तरी लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि डॉक्टर सांगतील तर दुर्बीण, हे व्हायलाच हवे. रक्त थांबले म्हणजे आजार गेला असे या गाठीत नसते. ती अशीच मधूनमधून रक्त टाकते. सपाट किंवा लहान गाठ सोनोग्राफीत निसटू शकते, म्हणून नुसत्या ‘सोनोग्राफी नॉर्मल’वर समाधान मानू नका.

रिपोर्ट हातात आला की त्यावर तीन गोष्टी बोट ठेवून विचारा: ग्रेड कोणती, खोली किती, तुकड्यात स्नायू आहे का. कोणी जास्तीची विकर किंवा जनुकांची तपासणी सुचवली, तर एकच प्रश्न: याचे उत्तर काहीही आले तरी उपचार बदलणार आहे का? ‘हो’ म्हणाले तर कसा बदलेल तेही विचारा. तपासणी गरजेची ठरली तर खिशात हात घालण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते बघून घ्या. ब्लॉक आणि स्लाइड दवाखान्याकडे मागता येतात. दुसऱ्या ठिकाणी मत घ्यायचे झाले तर नुसता कागद नव्हे, ब्लॉक सोबत न्या. नवी शस्त्रक्रिया न करता त्यावरून पुन्हा तपासता येते.

आणि कामाचा इतिहास. केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात आमच्या माणसांपुढे बहुतेक वेळा एकच शब्द असतो: मजुरी. वॉर्डात असताना आम्हीही तोच लिहायचो. कुठली मजुरी? रंगाच्या हौदावर, रबराच्या कारखान्यात, कातडे रंगवण्यात, की शेतात? रंगकामाला पंचवीस-तीस वर्षे उलटून गेल्यावरही हा आजार वर येऊ शकतो, त्यामुळे माणूस निवृत्त झालेला असतो आणि कारखाना बंद पडलेला. कुठे, कोणत्या खात्यात, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हातात काय धरायचे, हे एका कागदावर लिहून फाइलला लावा. कामगार विम्याचे जुने कार्ड असेल तर तेही जोडा. सोबत एका हौदावर काम केलेल्यांची नावे आठवली तर त्यांनाही लघवीची तपासणी करून घ्यायला सांगा. काकांनी चार नावे सांगितली. दोघे सापडले, एक जण गाव सोडून गेलेले आणि एक वारलेले. कशाने वारले हे त्यांच्या घरी नीट कुणाला माहीत नाही, ‘लघवीतून रक्त जायचं’ एवढेच सांगतात.

काकांनी बिडी सोडली आहे, निदान आमच्यासमोर तरी. सहा डोस पूर्ण झाले. दर तीन महिन्यांनी दुर्बीण तपासणी आहे, पुढची येत्या महिन्यात. रंगीत छापलेला कागद मुलाने फाइलच्या तळाशी ठेवला आहे आणि वर पहिला रिपोर्ट.